पामीर महामार्गाचा प्रवास: आखणी कशी करावी

लडाख आणि स्पीती पाहून झालेले अनेक मराठी प्रवासी त्यापुढचे, अधिक दूरचे आणि कमी गजबजलेले डोंगराळ ठिकाण शोधत असतात. मला कोणी विचारले, तर मी ताजिकिस्तानातील पामीरचे नाव सुचवतो. राजधानी दुशान्बेपासून निघून खोरोग आणि मुर्गाब या गावांवरून किर्गिझस्तानातील ओश शहरापर्यंत जाणारा एम-४१ हा रस्ता पामीर महामार्ग म्हणून ओळखला जातो. त्याची लांबी सुमारे १,२५० किलोमीटर आहे. ओश ते खोरोग हा त्यातला खरा डोंगरातला भाग सोव्हिएत राजवटीत, १९३०च्या दशकात बांधला गेला, आणि त्यावरची अक-बैताल खिंड ४,६५५ मीटर उंचीवर आहे. हा रस्ता ज्या गोर्नो-बदख्शान स्वायत्त प्रांतातून जातो, त्याने देशाचा जवळजवळ निम्मा भूभाग व्यापला आहे, पण देशाच्या लोकसंख्येतील जेमतेम दोन-अडीच टक्के माणसे तेथे राहतात. मैलोन्‌मैल वस्ती नसणे, पेट्रोलपंप नसणे, दवाखाना नसणे हा तेथील नित्याचा भाग आहे आणि तो गृहीत धरूनच आखणी करावी लागते.

आखणीची सुरुवात परतीपासून

एरवी आपण प्रवास ठरवताना आधी जाण्याचे तिकीट पाहतो, मग काय काय बघायचे ते ठरवतो आणि परतीचे उरकून टाकतो. पामीरसारख्या ठिकाणी हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. मुर्गाबमधून बाहेर पडायला दोनच मुख्य वाटा आहेत: मागे फिरून खोरोगमार्गे दुशान्बे, किंवा पुढे जाऊन किझिल-आर्त खिंडीतून किर्गिझस्तान. यांपैकी कोणती वाट आपल्या प्रवासाच्या आठवड्यात, आपल्या भारतीय पासपोर्टवर, खात्रीने खुली असेल, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.

हा प्रश्न नुसता कागदोपत्री नाही. ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तान यांच्यात सीमेवरून २०२१ आणि २०२२ मध्ये चकमकी झाल्या, सीमा दीर्घकाळ बंद राहिली आणि १३ मार्च २०२५ रोजी दोन्ही देशांच्या अध्यक्षांनी सीमाकरारावर सह्या केल्या. तरीही कोणते नाके परदेशी प्रवाशांना कोणत्या अटींवर खुले आहे, हे बदलत राहते. त्याशिवाय किर्गिझस्तानचा ई-व्हिसा असला, तरी तो नेमका त्याच नाक्यावर चालतो की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने ओशचा मोह सोडावा आणि दुशान्बे ते दुशान्बे असा फेरा आखावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जाताना अफगाण सीमेलगतच्या वाखान खोऱ्यातून आणि येताना थेट महामार्गाने आले, की वाटही बहुतांशी दुसरी मिळते.

दुसरी गोष्ट मोकळ्या दिवसांची. दरड कोसळते, ओढ्याला पूर येतो, गाडीचा पाटा तुटतो, डोके दुखू लागले म्हणून एक दिवस थांबावे लागते. यांतले काहीच झाले नाही, तर तो प्रवास अपवादात्मक समजावा. मुंबईहून निघून परत येईपर्यंत अठरा दिवस हाताशी असावेत आणि त्यांतले तीन दिवस कोणत्याही गावाच्या नावे लिहू नयेत. कार्यालयातून दहाच दिवसांची रजा मिळत असेल, तर खोरोग आणि वाखानपर्यंत जाऊन परतावे. मुर्गाब पुढच्या खेपेला ठेवावे. दहा दिवसांत सगळा महामार्ग बसवण्याचा हट्ट धरला, की उंचीवर शरीर साथ देत नाही आणि बहुतेक वेळ गाडीच्या काचेतून बघण्यातच जातो.

कागदपत्रे

भारतीयांना ताजिकिस्तानसाठी व्हिसा लागतो आणि तो ऑनलाइन ई-व्हिसा म्हणून काढता येतो. अर्ज भरताना गोर्नो-बदख्शानच्या परवान्याचा वेगळा पर्याय असतो. तो न विसरता निवडावा, कारण नुसत्या व्हिसावर या प्रांतात प्रवेश मिळत नाही. परवाना हाती आल्यावर त्यावर आपण जाणार आहोत त्या सर्व जिल्ह्यांची नावे आहेत ना, ते एकेक करून वाचावे. दार्वोझ, वांज, रुशान, शुग्नान, रोश्तकला, इश्काशिम, मुर्गाब आणि खोरोग शहर ही ती नावे. सारेझ सरोवर किंवा झोरकुल यांसारख्या ठिकाणांना त्यापलीकडे आणखी वेगळी परवानगी लागते. पहिल्या प्रवासात त्यांच्या मागे लागू नये.

व्हिसा आणि परवाना यांच्या प्रत्येकी आठ-दहा छापील प्रती जवळ ठेवाव्यात. वाटेत अनेक तपासणी नाकी लागतात, तेथील शिपाई हाताने वहीत नोंद करतात आणि पुष्कळदा एक प्रत ठेवून घेतात. मोबाइलवर कागद दाखवण्याचा आग्रह धरला, तर अख्खी गाडी ताटकळत राहते. किती दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास पोलिसांकडे नोंदणी करावी लागते, याचा नियमही अर्ज करतानाच वाचून ठेवावा.

मे २०२२ मध्ये या प्रांतात मोठा हिंसाचार झाला आणि त्यानंतर काही काळ परदेशी प्रवाशांना परवाने मिळणे थांबले होते. त्यामुळे निघण्यापूर्वी दुशान्बेतील भारतीय दूतावासाच्या सूचना वाचाव्यात आणि दूतावासाचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: यजमानांशी किंवा चालकाशी राजकारणावर बोलू नये, त्यांना बोलते करण्याचा प्रयत्नही करू नये. आपण चार दिवसांनी निघून जातो. त्यांना तेथेच राहायचे असते.

ऋतू आणि दिशा

जूनअखेर ते सप्टेंबरअखेर हा प्रवासाचा काळ. जूनमध्ये बर्फ वितळून ओढे फुगतात, जुलै-ऑगस्टमध्ये खोऱ्यांत ऊन असते आणि पठारावर रात्री गारठा. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हवा स्वच्छ असते आणि वाखानमध्ये शेतांची कापणी चाललेली दिसते, म्हणून मला तोच काळ अधिक आवडतो. हिवाळ्यात मुर्गाबचे तापमान उणे चाळीसच्या आसपास उतरू शकते, त्यामुळे त्या दिवसांचा विचारच करू नये.

दिशेचा प्रश्न मात्र सविस्तर समजून घ्यावा, कारण बहुतेक प्रवासी येथेच फसतात. ओशकडून निघाले, तर सुमारे हजार मीटरवरून एका दिवसात साधारण ३,२०० मीटरवरचे सारी-ताश आणि दुसऱ्या दिवशी ३,९०० मीटरवरचे काराकुल गाठले जाते. ही चढण शरीराला झेपणारी नाही. दुशान्बेकडून निघाल्यास उंची टप्प्याटप्प्याने वाढते: दुशान्बे सुमारे ८०० मीटर, कलाई-खुम्ब १,२००, खोरोग २,१००, मग वाखानमधली गावे इश्काशिम २,५०० आणि लंगर २,८००. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, असे गिर्यारोहणाचे वैद्यक सांगते. लंगरनंतरचा मुक्काम पठारावरच्या बुलुनकुल किंवा अलीचूर येथे, म्हणजे ३,७०० ते ३,९०० मीटरवर पडतो आणि एकदम हजारेक मीटरची उडी घ्यावी लागते, कारण मध्ये थांबायला गावच नाही. यावर उपाय एवढाच की, लंगरमध्ये दोन रात्री काढाव्यात आणि मधल्या दिवशी गावामागच्या कातळचित्रांपर्यंत, जमल्यास आणखी वर, चढून खाली यावे. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपल्याने शरीर तयार होते.

असेटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स हे औषध आपल्या डॉक्टरांना विचारूनच न्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर हे आवर्जून विचारावे. डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. यासाठी गाडी आणि चालक रात्रीही हाताशी असणे आवश्यक असते आणि गाडी ठरवताना हा मुद्दा डोक्यात असावा.

गाडी ठरवताना

दुशान्बे ते खोरोग हे दक्षिणेकडून, कुलोबमार्गे, सुमारे ६०० किलोमीटरचे अंतर आहे. सामायिक जीप ते एका दमात कापतात, पण त्याला चौदा ते अठरा तास लागतात. कलाई-खुम्बच्या पुढे रस्ता पंज नदीच्या काठाने जातो आणि पलीकडचा काठ अफगाणिस्तानचा आहे. तेथील रस्त्याची कामे चालू असताना दिवसातले काही तास वाहतूक अडवून धरतात. तविलदारावरून जाणारी उत्तरेची वाट अंतराने कमी आहे, पण ३,२५२ मीटर उंचीच्या सगिरदश्त खिंडीतून जाणारी ही वाट फक्त उन्हाळ्यातच खुली असते आणि फार खराब आहे. दोन्ही वाटा कलाई-खुम्बला मिळतात. तेथे एक रात्र थांबणे उत्तम; अंधारात पंजच्या कड्यावरून जाण्यात काही मतलब नाही.

खोरोगपर्यंत सामायिक जीप पुरेशी आहे. पुढच्या वाखान आणि पठाराच्या फेऱ्यासाठी मात्र चौघांनी मिळून फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी चालकासह ठरवावी. सोबत तीन माणसे नसतील, तर दुशान्बे आणि खोरोगच्या हॉस्टेलांत जोडीदार शोधणारे प्रवासी उन्हाळ्यात हमखास भेटतात. गाडी कोणत्या कंपनीची आहे यापेक्षा टायर किती झिजले आहेत, स्टेपनी एक आहे की दोन, जॅक चालतो का आणि मागे दोरखंड व फावडे आहे का, हे पाहावे. ते बघू दिल्याने चांगला चालक रागावत नाही.

व्यवहार बोलण्यावर सोडू नये. वहीचे एक पान घेऊन त्यावर तारखेनुसार गावांची नावे लिहावीत आणि खाली पुढील गोष्टी स्पष्ट कराव्यात: दर किलोमीटरचा आहे की दिवसाचा, इंधन त्यातच धरले आहे का, चालकाचे जेवण आणि मुक्काम कोणाकडे, मुख्य रस्ता सोडून यामचुनचा किल्ला किंवा बुलुनकुल येथे जाण्याचे वेगळे पैसे पडतील का, चालकाला रिकामी गाडी परत न्यावी लागली, तर तो खर्च कोणाचा, आणि आजारपणामुळे एक दिवस जास्त थांबावे लागले किंवा मध्येच खाली उतरावे लागले, तर हिशेब कसा करायचा. शेवटचा मुद्दा बहुतेक जण लिहीत नाहीत आणि नेमका त्यावरच वाद होतो. खोरोगमध्ये इंग्रजी बोलणारी तरुण मुले बरीच भेटतात. त्यांच्यापैकी कोणाला तरी, शक्य तर आपल्या मुक्कामाच्या घरातील व्यक्तीला, हे पान चालकाला वाचून दाखवायला सांगावे आणि दोघांनी खाली सही करावी. रक्कम एकदम देऊ नये. निम्मी आधी आणि उरलेली फेरा पूर्ण झाल्यावर, असे ठरवणे दोन्ही बाजूंना बरे पडते. पेट्रोलसाठी चालकाने पठारावर चढण्याआधी थोडी आगाऊ रक्कम मागितली, तर ती रास्त मागणी समजावी.

वाखान खोरे

खोरोगहून इश्काशिम शंभर किलोमीटरवर आहे आणि तेथून लंगरपर्यंतचा पट्टा हा या सगळ्या प्रवासाचा गाभा आहे. उजव्या हाताला पंज नदी, नदीपलीकडे अफगाण वाखान आणि त्याच्याही मागे हिंदुकुशची बर्फाच्छादित शिखरे असे दृश्य दिवसभर सोबत करते. नदी कित्येक ठिकाणी इतकी अरुंद आहे की, पलीकडच्या पाऊलवाटेवरून गाढव हाकत जाणारा माणूस स्पष्ट दिसतो. अफगाणिस्तानची ती चिंचोळी पट्टी १८९५ मध्ये पामीर सीमा आयोगाच्या आखणीतून निश्चित झाली. ब्रिटिश हिंदुस्थान आणि रशियन साम्राज्य यांच्या सीमा एकमेकींना भिडू नयेत, हा तिचा हेतू होता. या खोऱ्यातली आजची घरे, कुटुंबे आणि वाखी भाषा बोलणारे लोक त्या रेषेमुळे दोन देशांत वाटले गेले आहेत.

यामचुनचा किल्ला खोऱ्याच्या बराच वर, एका सुळक्यावर आहे आणि त्याच्या थोडे वर बीबी फातिमा हा गरम पाण्याचा झरा आहे. तेथे पुरुष आणि स्त्रिया यांच्यासाठी आळीपाळीने वेळा ठेवलेल्या असतात, त्यामुळे आधी चौकशी करून वर जावे. व्रांग गावाच्या डोक्यावर पायऱ्यापायऱ्यांची एक प्राचीन वास्तू आहे, ती बौद्ध स्तूप मानली जाते. आपल्याकडे चालुक्यराजा दुसऱ्या पुलकेशीचे आणि महाराष्ट्रातील लोकांचे वर्णन लिहून ठेवणारा चिनी भिक्षू ह्युएनत्संग सातव्या शतकात भारतातून परतताना याच वाखानमधून आणि पामीरवरून गेला होता. व्रांगच्या वास्तूपाशी उभे राहिल्यावर त्या प्रवासाचे अंतर खऱ्या अर्थाने समजते. म्हणून व्रांगला नुसता थांबा न घेता दोन-तीन तास द्यावेत, असे मी आवर्जून सांगेन.

नदीकाठी उतरण्याचा मोह मात्र टाळावा. १९९०च्या दशकात या सीमेवर पेरलेले भूसुरुंग काही ठिकाणी अजून शिल्लक आहेत. गावकरी ज्या वाटेने जातात, तीच वाट धरावी आणि चालक नको म्हणाला, तर कारण न विचारता मागे फिरावे. पूल, चौक्या आणि सैनिक यांचे फोटो काढू नयेत. ड्रोन घरीच ठेवावा.

घरात उतरताना

या वाटेवर हॉटेले मोजकीच आहेत. बहुतेक मुक्काम लोकांच्या घरी होतात आणि रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी त्यातच येते. पामिरी घर बाहेरून दगडमातीचे, सपाट धाब्याचे, साधे दिसते. आत गेल्यावर एकच मोठी खोली, तिच्या कडेने बसण्या-झोपण्याचे मातीचे रुंद ओटे आणि त्यांवर गाद्या व सतरंज्या असतात. छत पाच लाकडी खांबांनी तोललेले असते आणि त्या खांबांना मुहम्मद, अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांची नावे आहेत. छताच्या मधोमध लाकडाचे चार चौकोन एकावर एक, प्रत्येक वरचा लहान आणि फिरवून बसवलेला, असे रचून उजेडासाठी झरोका केलेला असतो. पृथ्वी, जल, वायू आणि अग्नी यांची ती खूण मानली जाते. सकाळी त्या झरोक्यातून उतरलेला उजेड खांबावरून हळूहळू सरकताना पाहत गादीवर पडून राहणे, ही त्या प्रवासातील माझ्या सर्वांत आवडीची वेळ होती.

पामिरी लोक बहुसंख्येने शिया मुस्लिमांमधील इस्माइली पंथाचे आहेत आणि पूर्वी जवळजवळ प्रत्येक घरात त्यांचे धर्मप्रमुख आगाखान यांची तसबीर आढळत असे. पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला, ते तिसरे आगाखान. त्यांचे नातू चौथे आगाखान फेब्रुवारी २०२५ मध्ये वारले आणि ताजिकिस्तानातील १९९०च्या दशकातल्या यादवी युद्धाच्या काळात याच चौथ्या आगाखानांच्या संस्थांनी या प्रांतात धान्य पोहोचवले होते. आपल्या पुण्याशी असलेला हा धागा सांगितला, की यजमानांना मनापासून आनंद होतो.

घरात शिरताना बूट बाहेर काढावेत, ओट्यावर यजमान दाखवतील त्या जागी बसावे आणि भाकरीसारखी गोल रोटी कधीही पालथी ठेवू नये, जमिनीवर तर मुळीच ठेवू नये. सकाळी शीर-चाय मिळते: दूध, मीठ आणि लोणी घातलेला चहा वाडग्यात ओतून त्यात रोटीचे तुकडे कुस्करून खातात. साखरेच्या चहाची सवय असलेल्या जिभेला पहिला घोट चमत्कारिक लागतो, पण त्या हवेत हा चहा दुपारपर्यंत पोट धरून ठेवतो. शाकाहारी मंडळींनी यजमानांना गाडीतून उतरल्याबरोबर, स्वयंपाक सुरू होण्याआधी, ‘बे गोश्त’ असे सांगावे. मांसाच्या रश्श्यातून मांस वगळून दिलेला बटाटा हा तेथे शाकाहारी समजला जाऊ शकतो, म्हणून रस्साही नको, हे स्पष्ट करावे. दुशान्बेत कुरुतोब नावाचा पदार्थ अवश्य खावा: वाळवलेल्या दह्याचे गोळे पाण्यात कालवून ते फतीर या पापुद्रेदार रोटीच्या तुकड्यांवर ओततात आणि वर कांदा, टोमॅटो व कोथिंबीर घालतात. खोऱ्यांत जर्दाळू आणि वाळवलेली तुती मुबलक असते. पठारावर भाजीपाला दुर्मीळ होतो आणि रोटी, बटाटे, अंडी व याकच्या दुधाचे दही यांवर दिवस काढावे लागतात. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू नेल्यास त्यांचा खरा उपयोग मुर्गाबमध्ये होतो.

घरच्या मुलांना पैसे किंवा चॉकलेटे वाटू नयेत. मुक्कामाचे ठरलेले पैसे घरातील बाईच्या हाती पूर्ण द्यावेत आणि घासाघीस करू नये. त्या दुर्गम गावात डाळ-तांदूळ पोहोचायला किती खर्च येतो, हे लक्षात घेतले तर मागितलेली रक्कम जास्त वाटत नाही.

पैसे, औषधे, फोन

अमेरिकी डॉलर रोख न्यावेत. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या आणि अलीकडच्या छपाईच्या असाव्यात. कडेला फाटलेली किंवा शिक्का पडलेली नोट कोणी घेत नाही. दुशान्बे आणि खोरोग येथे त्यांचे सोमोनी, म्हणजे तेथील चलन, करून घ्यावेत आणि खोरोगनंतर एटीएमवर भरवसा ठेवू नये. प्रवास विमा काढताना ४,७०० मीटरपर्यंतची उंची आणि आजारी माणसाला बाहेर काढण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे अटींमध्ये वाचून पाहावे, कारण अनेक पॉलिसी ठरावीक उंचीच्या वर लागू होत नाहीत. पोट बिघडणे हा या वाटेवरचा सर्वांत नेहमीचा आजार आहे. पाणी उकळलेले किंवा गोळ्यांनी शुद्ध केलेलेच प्यावे आणि ओआरएसची पाकिटे भरपूर न्यावीत. सिमकार्ड दुशान्बेतच घ्यावे, पण खोरोगपलीकडे गावाबाहेर रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवावेत आणि घरच्यांना पाच-सहा दिवस फोन येणार नाही, असे सांगून निघावे. शौचालये अंगणाच्या टोकाला असतात. डोक्याला लावायची बॅटरी तेथे रोज लागते.

मुर्गाब आणि परतीची वाट

लंगरच्या पुढे पामीर नदीकाठाने चढत जाऊन ४,३४४ मीटर उंचीच्या खारगुश खिंडीतून पठारावर उतरता येते. अलीचूरपासून मुर्गाबपर्यंत वस्ती किर्गिझ लोकांची आहे. घरांचा घाट, भाषा, टोप्या, सगळे बदलते. मुर्गाब सुमारे ३,६०० मीटरवर आहे, झाड जवळजवळ नाही आणि बाजार मालवाहू कंटेनरांच्या रांगांमध्ये भरतो. तेथे दोन रात्री थांबावे, मधल्या दिवशी अक-बैताल खिंड ओलांडून काराकुल सरोवर पाहून परत यावे आणि सरोवराकाठी रात्र काढायची की नाही, हे त्या दिवशीच्या प्रकृतीवरून ठरवावे. उल्कापाताने झालेल्या खळग्यातले हे सरोवर वाऱ्याच्या एका झोताबरोबर निळ्याचे करडे होते. पठारावर सरपण म्हणून तेरेस्केन नावाचे झुडूप मुळासकट उपटून जाळतात आणि ते पुन्हा वाढायला अनेक वर्षे लागतात. त्यामुळे अंघोळीसाठी रोज गरम पाण्याची बादली मागू नये. दोन दिवस ओल्या रुमालाने अंग पुसून भागते.

मुर्गाबमध्ये गाडीची वेळ ठरवताना एक खबरदारी घ्यावी. सरकारी घड्याळ दुशान्बेचे, म्हणजे भारतापेक्षा अर्धा तास मागे असते, परंतु तेथील बरेच लोक व्यवहारात ओशचे, म्हणजे त्याहून एक तास पुढचे घड्याळ वापरतात. सकाळी सातला निघू, असे चालक म्हणाला, तर कोणत्या घड्याळाचे सात, हे लगेच विचारावे.

मुर्गाब ते खोरोग थेट महामार्गाने सुमारे ३१० किलोमीटर आहे आणि स्वतःच्या गाडीने ते एका दिवसात होते. खोरोगमध्ये फेरा संपतो, चालकाचा हिशेब वहीच्या त्या पानावरून पुरा करावा आणि त्याच संध्याकाळी जीप अड्ड्यावर जाऊन दुशान्बेची जागा धरून ठेवावी. चालकाच्या शेजारची किंवा मधल्या रांगेतील खिडकीची जागा मिळत नसेल, तर एक दिवस थांबणे परवडते, कारण मागच्या आडव्या बाकावर पंधरा तास बसणे फार त्रासाचे होते. या जीप पहाटे, भरतील तशा सुटतात. दुशान्बेत पोहोचण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस यांमध्ये निदान दोन रात्री असाव्यात. राखून ठेवलेले तीन दिवस खोरोगला परतेपर्यंत खर्च झाले नसतील, तर ते खोरोगच्या वरच्या अंगाला असलेल्या वनस्पती उद्यानात आणि गार्म चश्माच्या गरम झऱ्यावर घालवावेत.